दाजींचा सेकंडहँड मेटल डिटेक्टर: एका खरेदीची पूर्ण हकिकत

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कोरेगाव तालुक्यातले, पण उमेदीची सगळी वर्षं इंग्लंडात, लिंकनशायरमध्ये गेली. गोदामातल्या नोकरीतून मोकळे झाल्यावर त्यांना शेतारानात पुरलेल्या जुन्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घ्यावासा वाटला. मी ह्या नादात बऱ्याच आधीपासून आहे, म्हणून सल्ला विचारायला मलाच फोन आला. आला तो अर्थात मशीन घेऊन झाल्यावर. आपल्याकडे सल्ला बहुधा तेव्हाच विचारतात.

मशीन होतं गॅरेट कंपनीचं एस २५०. किंमत ८५ पौंड, घेतलं शेजारच्या गावातल्या एका निवृत्त गृहस्थाकडून, गुडघे दुखतात म्हणून त्यांनी विकायला काढलं होतं. हे अमेरिकन मॉडेल २००५ च्या सुमाराचं, आणि इंग्लंडात कितीतरी जणांची सुरुवात ह्याच पिवळ्या-काळ्या मशीनवर झाली. नवशिक्याला सेकंडहँड घ्यायचं तर असंच घ्यावं. माहितीपुस्तिका सहज मिळते, कॉइल (दांड्याच्या खालच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी) आणि वॉशर सुटे मिळतात, आणि उद्या नाद सुटला तर फारसं नुकसान न होता विकता येतं. चार पेन्सिल सेल, वजन सव्वा किलोच्या आसपास, बटणं मोजकी. वरची महागडी मॉडेलं नवख्याच्या हातात दिली की तो रानात कमी आणि मेनूत जास्त फिरतो.

सेकंडहँडच का, ह्याला दाजींकडे तयार उत्तर होतं: टेरी हर्बर्ट. २००९ च्या जुलैत स्टॅफर्डशायरमधल्या हॅमरविच गावाजवळच्या शेतात ह्या माणसाला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा सापडला. तलवारींच्या मुठींचे जडावाचे भाग, तुकड्यातुकड्यांत, साधारण चार किलो सोनं. मूल्यांकन ३२ लाख ८५ हजार पौंड झालं आणि ते हर्बर्ट आणि शेतमालक ह्यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं गेलं. त्याचा डिटेक्टर जुना, कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात, अडीच पौंडांना घेतलेला, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. ही गोष्ट इंग्लंडातल्या प्रत्येक नव्या डिटेक्टरवाल्याला पाठ असते. त्यानं त्याआधी किती वर्षं खिळे आणि बाटल्यांची बुचं उकरली, हे मात्र कुणी सांगत नाही.

घेताना काय बघायचं राहिलं

दाजींनी मशीन विकणाऱ्याच्या बैठकीच्या खोलीत पाहिलं. बटण दाबलं, पडदा उजळला, कॉइलसमोर पौंडाचं नाणं हलवलं, आवाज आला. पैसे दिले. एवढं केल्यावर मशीन चालू आहे हे कळतं, ते बरं चालतं का हे कळत नाही.

जुनं मशीन बघताना मी आधी सेलचा कप्पा उघडतो. सेल आत तसेच राहून पाझरले असतील तर पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवी बुरशी दिसते. मग कॉइलवर बोटांनी टकटक करतो आणि वायर जिथं बॉक्सला जोडली जाते तिथं हलकेच हलवून बघतो. त्या वेळी आवाज आला तर जोड सैल आहे किंवा वायर आतून तुटत आली आहे. कॉइल दांड्याला धरून ठेवणारे रबरी वॉशर जागेवर आहेत का, नाहीतर कॉइल मान टाकते. हेडफोनची पिन घालून बघतो, कारण ते भोक मातीनं खराब झालेलं हमखास सापडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं घराबाहेर, उघड्या जागेत करतो. घरात फरशीखाली वायरी, भिंतीत नळ, कोपऱ्यात वाय-फायचा डबा. तिथं मशीन खरं बोलतंय का खोटं, काही समजत नाही. शिवाय नावाजलेल्या मशीनच्या हुबेहूब नकलाही बाजारात आहेत, त्यामुळे सिरियल नंबर खरवडलेला असेल तर मी सरळ घरी येतो.

दाजींचं मशीन अस्सल होतं. तरी तिसऱ्याच दिवशी फोन आला.

“अरे, येडं निघालं रे हे. गवतावर नुसतं धरलं तरी ओरडतंय.”

ताईनं मागून जोड दिली, “म्हातारबुवांनी गंडवलं ह्यांना.”

त्या शनिवारी मी गेलो. परसात मशीन खरंच बडबडत होतं. पहिली गोष्ट, पडद्यावर सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे मशीन किती बारीक ऐकतं त्याचे, आठही ठोकळे भरलेले. खोलवरचं सापडावं म्हणून नवा माणूस पहिल्यांदा हेच करतो. परसाच्या कडेनं विजेची केबल जमिनीखालून गेलेली, त्यामुळे ठोकळे पाचावर आणल्यावर निम्मी बडबड थांबली. दुसरी गोष्ट, कॉइलची वायर दांड्याला सैल गुंडाळलेली होती आणि खालचा वेढा झुलत होता. कॉइलजवळ वायर हलली की मशीनला ती हालचालच धातूसारखी वाटते. ती घट्ट गुंडाळून वेल्क्रोची पट्टी लावली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. कॉइलच्या खाली घासू नये म्हणून एक प्लॅस्टिकचं झाकण असतं. विकणाऱ्या गृहस्थांनी ते बहुधा कधीच काढलं नसावं. मी चमच्याच्या टोकानं कडेनं उचकटलं, तर आत बोटभर जाडीची वाळलेली माती, घट्ट थापलेली. दाजींनी ती वर्तमानपत्रावर झाडली आणि ताईनं फ्रिजवरचं लोहचुंबक आणून त्यावरून फिरवलं. चुंबकाला काळी बारीक भुकटी चिकटली, गंजाची. तिच्यात चॉकलेटच्या वेष्टणाचा नखाएवढा चुरगळलेला कपटाही होता. म्हणजे मशीन दर फेऱ्याला स्वतःच्याच तळाशी असलेला धातू इमानानं कळवत होतं. झाकण धुऊन, वाळवून परत बसवलं आणि परस शांत झालं. विकणाऱ्यानं काही गंडवलेलं नव्हतं.

कान तयार होणं

मशीन काय करतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतं. एस २५० मध्ये ते सेकंदाला साडेसहा हजार वेळा बदलतं. दुसरं वेटोळं परत काय येतं ते ऐकतं. मातीत धातू असेल तर त्यात बारीक प्रवाह फिरू लागतात आणि परतीचा सिग्नल किंचित मागे पडतो. जाड चांदी किंवा तांबं असेल तर जास्त मागे, फॉइलचा पातळ कपटा असेल तर कमी, आणि लोखंडाचं चुंबकत्वामुळे सगळंच निराळं. मशीन ते मोजून पडद्यावरच्या एका कप्प्यात खूण दाखवतं आणि तीनपैकी एक आवाज देतं: लोखंडाला जाड, मधल्यांना मधला, चांगल्या वाहकाला घंटी.

ह्यातून निघणारी गोष्ट नवख्यांना पचत नाही. मशीनला सोनं ओळखता येत नाही. पातळ सोन्याची अंगठी आणि पेयाच्या डब्याची कडी त्याच्या लेखी सारखीच, दोन्हींना मधलाच आवाज. पडद्यावर तर अमेरिकन सेंटची नावं छापलेली, इंग्लंडच्या शेतात त्यांचा उपयोग नाही. इथली साधी पेनीसुद्धा दोन प्रकारची: १९९२ च्या आधीची काशाची आणि नंतरची तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची. नाणं दिसायला एकच, मशीनचं बोलणं वेगळं. दाजींना मी परसात दोन्ही प्रकारच्या पेन्या, एक खिळा, एक कडी, फॉइल आणि ताईची जुनी चांदीची जोडवी अशी वेगवेगळ्या खोलीवर पुरून दिली आणि वर आइसक्रीमच्या काड्या रोवल्या. काड्या ताईनं नंतर गुपचूप काढून टाकल्या. त्यानंतर खरा अभ्यास सुरू झाला.

फेरा मारायला तिनंच शिकवलं, मी नाही. दाजी कॉइल झोपाळ्यासारखी दोन्ही टोकांना वर उचलायचे. ताई म्हणाली, “अहो, आईकडे सारवताना कसा हात फिरायचा? जमिनीला टेकून, आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून. तसं फिरवा.” मी इंग्रजीतल्या कितीतरी चित्रफिती पाहिल्यात, त्यांत ह्याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही. कॉइल टोकाला चार बोटं उचलली की तेवढी खोली वाया जाते, आणि फेरे एकमेकांवर चढले नाहीत तर मधे पट्टे कोरे राहतात.

पहिल्या काही आठवड्यांतली घंटी बहुतेक वेळा फसवी निघाली. कुत्रे फिरवायच्या वाटेलगतच्या एका ओळखीच्याच्या तुकड्यात झणझणीत घंटी वाजली, दाजींनी कोपरभर खणलं, निघाला घोड्याचा नाल. मोठं, चपटं किंवा कड्यासारखं लोखंड लोखंडाच्या कप्प्यातून निसटून वरच्या आवाजात बोलतं. कॉइल जमिनीपासून वीतभर उचलूनही घंटी तशीच जोरात येत असेल तर वस्तू मोठी आहे, नाणं नाही, हे दाजी त्या नालावरून शिकले.

परवानगी आणि हरवलेली पिन

इंग्लंडात हा छंद कायदेशीर आहे, पण जमीन प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी असते आणि मालकाच्या परवानगीशिवाय तिथं डिटेक्टर फिरवता येत नाही. संरक्षित स्मारकांच्या जागी १९७९ च्या कायद्यानं वेगळी सरकारी परवानगी नसेल तर नुसतं मशीन फिरवणंही गुन्हा. दाजींनी आधी छंदवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं सदस्यत्व घेतलं. त्यात विमा मिळतो, आणि शेतकऱ्याचा पहिला प्रश्न त्याबद्दलच असतो. मग पत्रं टाकली. उत्तरं आली नाहीत. दोन-तीन दारांवरून नम्र नकार मिळाला. ह्याचं दाजींना वाईट वाटलं, पण मला शेतकऱ्यांचं चूक वाटत नाही. रात्री टॉर्च घेऊन शिरणाऱ्या चोरट्यांचा त्यांना खरंच त्रास आहे.

दार उघडलं ते एका वयस्कर शेतकरी बाईंनी, आणि तेही त्यांच्या गरजेपोटी. त्यांच्या गवताच्या रानात ट्रेलर जोडायची पोलादी पिन पडली होती, अंगठ्याहून जाड. पुढच्या कापणीत ती यंत्राच्या पात्यांत गेली असती तर नुकसान मोठं होतं. त्या म्हणाल्या, तुमचं मशीन खरंच काही शोधतं का बघू, पिन काढून दाखवा, मग बोलू.

दाजी सकाळी गेले. जेवणवेळेपर्यंत फिरले. मशीन एकदम गप्प होतं, अधेमधे नुसतं कट्ट, तुटक. दुपारी फोन आला, आवाज पडलेला.

मी विचारलं, “दाजी, कुठल्या मोडवर आहात?”

“कॉइन्स.”

“आणि पिन कशाची आहे?”

पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग साताऱ्याकडची एक अस्सल शिवी ऐकू आली, स्वतःलाच दिलेली.

कॉइन्स मोडमध्ये लोखंड, फॉइल आणि कड्यांचे कप्पे बंद असतात. ते बंद करणं सोयीचं, कारण नाहीतर प्रत्येक खिळ्याला मशीन बोलतं. पण बंद केलेल्या कप्प्यातली वस्तू कॉइलखाली आली तरी मशीन तोंड मिटून बसतं. ती तुटक कट्ट म्हणजे दाबून ठेवलेलं लोखंडच होतं. दाजींनी ऑल मेटल लावला, सकाळच्याच वाटेनं परत चालू लागले आणि रानाच्या वरच्या अंगाला, फाटकाजवळ, जाड लांब आवाज आला. नेमकी जागा दाखवणारं पिनपॉइंटचं बटण दाबून धरलं, आवाज सगळ्यात मोठा झाला तिथं बूट टेकवला. पिन मातीतही नव्हती, गवताच्या मुळांत आडवी पडली होती. सकाळी तिच्यावरून कॉइल फिरून गेली असणार.

होक्सन गावच्या प्रसिद्ध साठ्याची गोष्ट अशीच सुरू झाली होती. १६ नोव्हेंबर १९९२ ला सफोकमध्ये एरिक लॉझ हे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेले आणि रोमन काळाच्या अखेरचा साठा हाती लागला: सोन्या-चांदीची आणि काही काशाची मिळून जवळपास १५ हजार नाणी, शिवाय दागिने आणि चांदीची भांडी. लॉझ ह्यांनी सगळं उपसलं नाही. खणणं थांबवून कळवलं, त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना पेटीतली मांडणी जागच्या जागी अभ्यासता आली. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दाजींच्या पिनेजवळ काही निघालं नाही. पण बाईंनी तिथंच ट्रॅक्टरच्या बॉनेटवर कागद ठेवून परवानगी लिहून दिली: दोन रानं, मेंढ्या असतील तेव्हा नाही, खड्डा बुजवायचा, जे निघेल त्यात निम्मा वाटा.

अर्धं नाणं

त्या दिवसापासून दाजींनी कॉइन्स मोड सोडला. आता ते फक्त अगदी खालचा लोखंडाचा कप्पा बंद ठेवतात. कचरा भरपूर निघतो: शिशाचे गोळे, काडतुसांची पितळी बुडं, सदऱ्याची बटणं. काही शेतकरी खत म्हणून पालापाचोळ्याचं कंपोस्ट टाकतात, त्यात शहरातला कपटाकपटा मिसळून आलेला असतो. असं रान असेल तर मी स्वतः मशीन गाडीतून काढतही नाही.

नांगरट झालेल्या दुसऱ्या रानात एके दिवशी मधला आवाज आला, बारीक पण दोन्ही बाजूंनी फिरवलं तरी तसाच. खूण फॉइलच्या जवळपास. जुन्या सेटिंगवर हे मशीन बोललंच नसतं. ढेकूळ फोडल्यावर मातीत नखाएवढी करडी चंद्रकोर दिसली. पुसू नका, नुसतं पाण्यानं धुवा, असं मी फोनवर ओरडलो. एका बाजूला मुकुटाचा अर्धा भाग आणि राजाच्या केसांचे वळसे. दुसऱ्या बाजूला दुहेरी रेघेच्या क्रुसाचा हात आणि त्याच्या बगलांत तीन-तीन ठिपके. सरळ कड अगदी क्रुसाच्या रेघेवर कापलेली.

त्या भागाच्या फाइंड्स लियेझन ऑफिसरनं, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानं, ते बघून सांगितलं: इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री ह्याची लाँग क्रॉस (लांब क्रुसाची) पेनी, १२४७ नंतरची, मुद्दाम अर्धी कापलेली. त्या काळी अर्ध्या पेनीचं नाणं सहसा पाडत नसत. सुटे हवे असले की पेनीच कापायची, आणि मागचा क्रूस कुठं कापायचं ते दाखवायचा. हे अधिकारी १९९७ साली सुरू झालेल्या नोंदणी योजनेचे, ब्रिटिश म्युझियममार्फत काम करतात. त्यांनी वजन, फोटो आणि जागेचा नकाशावरचा ग्रिड क्रमांक नोंदवून नाणं परत दिलं. बाजारात त्याला फार तर दहा-पंधरा पौंड येतील.

दाजींना वाटलं होतं सरकार जप्त करील. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार एकटं नाणं सहसा ‘ट्रेझर’, म्हणजे गुप्तधन, धरत नाहीत. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली दोन किंवा जास्त नाणी एका जागी निघाली, तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा गोष्टींची चौकशी करणाऱ्या स्थानिक न्याय-अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. मग मूल्य ठरतं आणि संग्रहालयानं घेतलं तर पैसे शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळतात. इतकी सरळ वाट असताना २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांनी व्हायकिंग काळातला साठा न कळवता विकायला काढला. २०१९ मध्ये ते तुरुंगात गेले, आणि त्यातली बहुतेक नाणी अजून मिळालेली नाहीत. कळवलं असतं तर कायद्यानंच भरपूर पैसे हातात पडले असते.

कोरेगावला फोटो गेल्यावर दोन फर्माइशी आल्या. पहिली, ते नाणं दिवाळीला घेऊन या, सगळ्यांना बघू दे. ब्रिटनच्या मातीतून निघालेली ५० वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर तिची किंमत कितीही थोडी असली तरी निर्यात परवाना लागतो. ते नाणं तिथंच राहिलं. दुसरी फर्माइश दाजींच्या चुलतभावाची: मशीनच घेऊन ये, जुन्या वाड्यामागं आज्यानं काहीतरी पुरलंय म्हणतात.

ह्यावर दाजी मला न विचारता बरोबर बोलले. आपल्याकडे अजून १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट लागू आहे, आणि त्यात मर्यादा आहे दहा रुपयांची. त्याहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलं नाही तर वाटा जातो आणि शिक्षाही होते. किल्ल्यांवर आणि संरक्षित जागांवर तर खोदायचा प्रश्नच येत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये एका ऐतिहासिक चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याची शेतं लोकांनी रातोरात टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन खणली, ती दृश्यं दाजींनीही टीव्हीवर पाहिली होती. गुप्तधनाच्या नादानं आपल्याकडे पैसे उकळणारे भोंदू आणि त्याहून वाईट प्रकार झालेत, ते वेगळंच. त्यांनी चुलतभावाला सांगितलं, “वाड्यामागं आजानं पुरलेली एकच गोष्ट मला माहितीय, सांडपाण्याची पाइप. ती फुटली तर मशीन घेऊन येतो.”

आता त्यांच्या मनात नवं, जास्त फ्रिक्वेन्सीचं मशीन घ्यायचं आहे. मी थांबायला सांगितलंय. ह्या ८५ पौंडांच्या मशीनवर त्यांना फॉइलच्या कप्प्यातले आवाज आत्ता कुठे वेगळे ऐकू यायला लागलेत, आणि बाईंचं तिसरं रान ऑगस्टच्या कापणीनंतर मिळणार आहे. पैसे खर्चायचेच असतील तर हातातला छोटा पिनपॉइंटर घ्या म्हटलं, ढेकळात चिमटीएवढी वस्तू शोधताना त्याचाच उपयोग जास्त होतो. त्यांनी तो सेकंडहँडच बघितलाय, आणि ह्या वेळी पैसे द्यायच्या आधी फोन केला.